नवा प्रोसेसर आणि जुना गाळ

शनिवारची सकाळ. कांदेपोहे झाले, दुसरा चहा झाला, आणि एका मित्राचा फोन आला. "अरे, नवीन प्रोसेसर टाकलाय. पण काही मजा नाही यार. जरा ओव्हरक्लॉक कसा करायचा ते सांग ना."

"आधी मोजलंस का?"

"मोजायचं काय त्यात? जाणवतंय ना स्लो आहे ते!"

हे "जाणवतंय ना" ऐकलं की माझं डोकं फिरतं. हाच माणूस ऑफिसात एखाद्या क्वेरीला दोनशे मिलिसेकंद जास्त लागले की तीन-तीन डॅशबोर्ड उघडून बसतो. आणि घरी, स्वतःच्या पैशाने आणलेल्या मशीनबद्दल मात्र "जाणवतंय". म्हणजे ताप आलाय म्हणून डॉक्टरकडे जायचं, थर्मामीटर लावू द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं की ऑपरेशनच करून टाका!

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आजच्या नव्या प्रोसेसरचा वेग "वाढवायचा" नसतो. तो खोक्यातून बाहेर येतो तेव्हाच जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. आपण करायचं ते इतकंच, की त्याच्या वाटेत दुकानदाराने, बोर्डवाल्याने आणि आपण स्वतः टाकलेले धोंडे उचलायचे. कुठला धोंडा किती मोठा आहे हे मोजल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही. ओव्हरक्लॉकिंग, "सिक्रेट सेटिंग्ज" वगैरे सगळं त्यानंतर. बहुतेकांच्या बाबतीत कधीच नाही.

हे सगळं मी शहाणा आहे म्हणून सांगत नाहीये. माझा पोपट झाला म्हणून सांगतोय.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी रायझन ५ ७६०० घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, बूस्ट ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत. प्रोसेसरबरोबर कूलर मिळतो, पण एक तर पुण्यातला मे महिना आणि त्यात दुकानदाराचा आग्रह, म्हणून वेगळा टॉवर कूलर घेतला. डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६००० वाल्या. जोडणी दुकानातच करून घेतली. जोडणीचे वेगळे पैसे दिले, पावतीवर तसं लिहिलंयसुद्धा. घरी आणून विंडोज ११ टाकलं आणि माझा नेहमीचा सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट पहिल्यापासून बिल्डला लावला. जुन्या लॅपटॉपवर त्याला १४ मिनिटं लागायची. मनात मांडे खात होतो, सहा-सात मिनिटांत व्हायला हरकत नाही. लागली ११ मिनिटं २० सेकंद.

एवढ्यासाठी बारा महिन्यांचा हप्ता मागे लावून घेतला? डोक्यात पहिला विचार आला की आठ कोअरवाला घ्यायला हवा होता. दुसरा विचार, ओव्हरक्लॉक करू. रात्री दीड वाजेपर्यंत त्याचे व्हिडिओ बघितले. सकाळी गावाहून बाबांचा फोन आला तेव्हा त्यांच्यापुढे हेच रडगाणं गायलो. बाबांना प्रोसेसरमधलं काही कळत नाही, पण विहिरीवरच्या मोटारीतलं कळतं. ते म्हणाले, "पाणी कमी यायला लागलं की लोक आधी मोठी मोटार आणतात. खाली फूटव्हॉल्व्हला गाळ बसलाय का, ते कोणी बघत नाही. तू बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मग बघितलं.

बिल्ड चालू करून शेजारी तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला. अर्ध्या मिनिटात प्रोसेसर ९५ अंशांवर आणि कोअरचा वेग ४ गिगाहर्ट्झच्या खाली! ९५ अंश ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो आपणहून वेग उतरवतो. जळत नाही, बंद पडत नाही, स्क्रीनवर तक्रारही करत नाही. निमूटपणे हळू चालत राहतो. कूलर खोलला, तर त्याच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म तशीच. "बसवण्याआधी काढा" असं तिच्यावरच छापलेलं, आणि त्या अक्षरांवर पेस्ट लावून कूलर कसून आवळलेला.

दुसरी गोष्ट रॅमची. बोर्डावर चार स्लॉट, आणि दोन्ही पट्ट्या पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे एकाच चॅनलवर. (दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. मॅन्युअलमध्ये चक्क चित्र असतं.) शिवाय ६००० ची रॅम ४८०० वर चाललेली, कारण बायोसमध्ये एक्स्पो बंद. तो मुळात बंदच असतो, आपण जाऊन चालू करायचा. आता साधा हिशेब करा. एका चॅनलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. ४८०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ३८.४ जीबी. दोन चॅनल ६००० वर चालले तर ९६ जीबी. हे कागदावरचे आकडे आहेत, कबूल. माझ्यासारख्या एका चिपलेटच्या रायझनला ते सगळे ९६ वापरता येत नाहीत, आतली जोडवाट आधीच अरुंद पडते. पण पैसे कशाचे मोजले आणि वापरत काय होतो!

तिसरी गोष्ट माझी स्वतःची, तिच्यात दुकानदाराचा काही संबंध नाही. बिल्ड चालू असताना टास्क मॅनेजर बघितला तर विंडोजचा अँटिव्हायरस एका बाजूला मांडी ठोकून जेवायला बसलेला. बिल्ड म्हणजे हजारो बारीक फायली लिहिणं आणि लगेच वाचणं, आणि हा प्रत्येक फाइलची झडती घेणार. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डेव्ह ड्राइव्ह नावाची सोय आहे. त्यावरच्या फायलींची झडती होते, पण फाइल उघडताना प्रोग्रामला ताटकळत न ठेवता मागाहून. तिथे प्रोजेक्ट हलवला.

प्रत्येक बदलानंतर तोच प्रोजेक्ट, पहिल्यापासून, तीन वेळा बिल्ड केला आणि मधला आकडा घेतला. हे माझ्या एका मशीनवरचं मोजमाप आहे, जगाचा नियम नाही, पण बघा:

जसा घरी आला तसा: ११ मिनिटं २० सेकंद
फिल्म काढून नवीन पेस्ट: ८ मिनिटं ५५ सेकंद
रॅम योग्य स्लॉटमध्ये आणि एक्स्पो चालू: ८ मिनिटं १० सेकंद
प्रोजेक्ट डेव्ह ड्राइव्हवर: ६ मिनिटं १५ सेकंद

आणि मग, रात्रीचं जागरण वाया जाऊ नये म्हणून, ओव्हरक्लॉकिंगसुद्धा करून बघितलं. वॅटची मर्यादा उठवली, वेग चढवला. ६ मिनिटं ५ सेकंद!

म्हणजे एकूण ३१५ सेकंद वाचले, त्यातले ३०५ गाळ काढून आणि १० मोटार ताणून. त्या १० सेकंदांसाठी तापमान चांगलंच चढलं आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. त्याच रात्री ते सेटिंग मागे घेतलं.

दुकानदाराला फोन केला, फिल्मचं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चालू तर होतंय ना?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. चालू तर होतंय ना! पुढचं सगळं भांडण याच वाक्याशी आहे.

पण आधी, ओव्हरक्लॉकिंगचं हे खूळ आलं कुठून? तर एके काळी ते खूळ नव्हतंच, शहाणपण होतं. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, गुणक ४.५. बोर्डावर बसचा वेग ६६ वरून १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, फुकट! कारण कंपनीने त्यात भरपूर शिल्लक ठेवली होती. आमच्या आधीच्या पिढीने या गोष्टी आम्हाला गडकिल्ल्यांच्या गोष्टींसारख्या सांगितल्या आणि आम्ही त्या मनावर घेतल्या.

आता ती शिल्लक कंपनीच खर्च करून टाकते. २००८ च्या कोअर आय७ पासून इंटेलचा टर्बो बूस्ट आणि २०१७ च्या रायझनपासून एएमडीचा प्रिसिजन बूस्ट, दोघांचं काम हेच. तापमान किती, करंट किती, वॅट किती, सतत बघत राहायचं आणि जागा दिसली की वेग चढवायचा. रात्री दीड वाजता व्हिडिओ बघून तुम्ही जे करणार, ते हा प्रोसेसर स्वतःच दर क्षणाला करतोय, आणि तुमच्यापेक्षा बरं करतोय. त्याला फक्त थंड ठेवा.

उरलेला जो शेवटचा थेंब पिळता येतो त्याची किंमतही बघा. वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या पटीत वाढते. समजा ५ टक्के वेगासाठी १० टक्के व्होल्टेज चढवावं लागलं. १.१ चा वर्ग १.२१, गुणिले १.०५, म्हणजे १.२७. वेग ५ टक्के, विजेचा खर्च आणि उष्णता २७ टक्के जास्त. असा सौदा भाजीवाल्याने दिला तर आपण पिशवी उचलून पुढच्या गाड्यावर जाऊ.

आता बोर्डवाले. यांचा धोंडा उलट्या जातीचा. दुकानदार कमी करून ठेवतो, हे न विचारता जास्त करून ठेवतात. इंटेलच्या कोअर आय९ १३९००के ची टर्बोतली मर्यादा २५३ वॅट. कित्येक महागड्या बोर्डांवर मूळ सेटिंगमध्येच तिथे ४०९५ वॅट लिहिलेलं असायचं. ४०९५ वॅट! घरातला गीझर दोन-तीन हजार वॅटचा असतो हो. अर्थ एवढाच की मर्यादा नाही, ओढ किती ओढायचं ते. कशासाठी? तर तुलनेच्या तक्त्यात शेजारच्या बोर्डापेक्षा आपली रेघ केसभर लांब दिसावी म्हणून.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर लोकांच्या घरी अस्थिर व्हायला लागले. गेम मध्येच बंद पडायचा आणि निरोप यायचा की व्हिडिओ मेमरी संपली. बिचारे लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेऊन बसले. त्या सप्टेंबरमध्ये इंटेलने जी कारणं मांडली त्यात मुख्य वाटा त्यांच्या स्वतःच्या मायक्रोकोडचा होता. तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. पण त्याच यादीत बोर्डांची मर्यादेबाहेरची वीज-सेटिंग्जही होती. सुधारलेला मायक्रोकोड बायोसमधून आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्यांचा प्रोसेसर आधीच खराब झाला होता त्यांना मायक्रोकोडचा काही उपयोग नव्हता, प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागला. एएमडीवाल्यांनी हसू नये. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर बोर्डासकट जळाल्याचे फोटो आले होते, आणि नंतरच्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजला १.३ ची वेसण घालावी लागली होती.

म्हणून नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिलं काम बायोस अपडेट करणं. हा शौक नाही, ही लस आहे.

तिसरी जमात व्हिडिओवाल्यांची. "एमएसकॉन्फिगमध्ये जा, प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त करा, स्पीड डबल!" अहो, तो पर्याय कोअर कमी करून चाचणी घ्यायला दिलेला आहे. काही निवडलं नाही तर विंडोज सगळेच कोअर वापरतं. ती टिचकी मारून काहीही होत नाही. काही होत नाही म्हणून नुकसान होत नाही, नुकसान होत नाही म्हणून लोक "थँक्यू सर" म्हणतात. मग टेम्प फोल्डर रिकामा करा, प्रीफेच उडवा, रॅम साफ करणारा प्रोग्राम टाका. प्रीफेच तर प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच असतं, आणि ते उडवलं की विंडोज पुन्हा पहिल्यापासून बनवायला घेतं! नवस बोलण्यात आणि यात फरक एवढाच की नवसाला निदान नारळाचा प्रसाद मिळतो.

आणि सेटिंगने काय होऊ शकतं, याची मोठी गोष्ट ऐका. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने पैसे देऊन करून घेतलेल्या एका तुलनेत त्यांचा ९९००के हा रायझन ७ २७००एक्सच्या फारच पुढे दिसला. लोकांनी खोदलं तेव्हा कळलं की रायझन "गेम मोड"वर चालवला होता, आणि त्या मोडमध्ये त्याचे आठातले चार कोअर बंद होतात. बोंब झाल्यावर फेरमोजणी झाली आणि ते अंतर कमी झालं. मोजणं हाच ज्यांचा धंदा, तेही एका खुणेत फसतात. मग "जाणवतंय ना" म्हणणाऱ्या तुमची-माझी काय कथा!

आता माझ्यावर येणारे आक्षेप.

पहिला: "एक्स्पो म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच की!" बरोबर आहे. माझ्या प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत आकडा ५२०० चा, त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगमध्ये मोडतं आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून ते चालू केल्यावर मी रात्रभर मेमरीची चाचणी चालवली. एकही चूक आली असती तर वेग उतरवला असता. (आणि एक धोक्याची सूचना: एक्स्पो चालू केल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. रॅमची जुळवणी चाललेली असते. घाबरून बटण दाबू नका. मी दाबलं होतं.) रॅम चुकली तर मशीन बंद पडेलच असं नाही. तुमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो चुपचाप खराब होईल, आणि ते पाच वर्षांनी कळेल. वेगापेक्षा हे मोठं आहे.

दुसरा: "अरे, पण मजा येते!" येते ना, मलाही येते. छंद म्हणून जरूर करा. लोक रविवारी सिंहगड चढतात, ते काही वर भाजी स्वस्त मिळते म्हणून नाही. पण छंदाला उपाय म्हणू नका.

तिसरा आक्षेप खरा जड आहे: "सामान्य माणसाने एवढं सगळं का करायचं?" याचं उत्तर, करू नयेच. मी इंजिनिअर आहे, शिवाय रिकामटेकडा शनिवार होता, म्हणून कूलर खोलला. माझ्या मावशीने ट्यूशनसाठी घेतलेल्या मशीनचा कूलर कोण खोलणार? ती पुढची सहा वर्षं निम्म्या वेगाचं मशीन पूर्ण किमतीत वापरेल आणि म्हणेल, "कॉम्प्युटर म्हटला की थोडा स्लो असायचाच." ही खरी चोरी आहे, आणि ती चोरी आहे हे चोरी झालेल्याला कळतही नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दुकानात जोडणीचे पैसे देणार असाल तर मशीन उचलायच्या आधी तीन गोष्टी समोर दाखवा म्हणावं. एक, दहा मिनिटं पूर्ण भार देऊन तापमान आणि वेग. दोन, रॅमचा वेग आणि चॅनल (सीपीयू-झेडमध्ये डीडीआर५ ला "४ गुणिले ३२ बिट" दिसलं म्हणजे दोन्ही चॅनल चालू आहेत). तीन, बायोसची आवृत्ती आणि तिची तारीख. पंधरा मिनिटांचं काम आहे. दुकानदार म्हणाला की "चालू तर होतंय ना", तर म्हणा, "हप्ताही चालू होतोय ना, मग बघू द्या." गाडीची डिलिव्हरी घेताना आपण टायरला लाथ मारून बघतो, नारळ फोडतो, लिंबू ठेवतो. इथे निदान थर्मामीटर लावा.

आणि शेवटचा धोंडा आपल्या गळ्यात. माझे सर्वात जास्त सेकंद फिल्मने खाल्ले, पण दुसरा नंबर होता मी स्वतः चुकीच्या जागी ठेवलेल्या प्रोजेक्टचा. शिवाय त्या सव्वासहा मिनिटांतला शेवटचा जवळजवळ एक मिनिट लिंकिंगचा आहे, आणि तेव्हा एक कोअर राबतो आणि पाच बसून बघतात. हे जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलंय की जो भाग वाटून घेता येत नाही तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो. आठ कोअरवाला घेतला असता तर बसून बघणारे सात झाले असते, एवढंच.

असो. संध्याकाळी त्याच मित्राचा पुन्हा फोन आला. आवाज जरा पडलेला.

"मोजलं रे. प्रोसेसर १२ टक्क्यांवर बसलाय. डिस्क १०० वर आहे."

"डिस्क कुठली?"

"जुनीच. हार्ड डिस्क. म्हटलं पैसे प्रोसेसरमध्ये घालू, डिस्क काय, चालू तर आहे ना..."

"मग, करायचा का ओव्हरक्लॉक?"

"ठेव फोन," तो म्हणाला.